अणूंच्या पुंजक्यांचे गणित

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात तानसा येथे एका सेवानिवृत्त शिक्षकांनी दिलेले भाषण)



आज येथे जमलेल्या मंडळींत भातशेती नाही असे घर क्वचितच असेल. जे बंधू नोकरीनिमित्त मुंबई-कल्याणास स्थायिक झाले, त्यांचेही एखादे खाचर शहापूर वा मुरबाड तालुक्यात कोठे ना कोठे असतेच. तेव्हा युरियाच्या पोत्यापासून आरंभ केला तर तो कोणास परका वाटू नये. हल्ली हे पोते ४५ किलोचे येते आणि त्यात शेकडा ४६ भाग नत्र असतो. म्हणजे एका पोत्याबरोबर आपण सुमारे पावणेएकवीस किलो नत्र विकत आणतो. आता मौज पाहा. ज्या बांधावर बसून आपण ते पोते उसवतो, त्या बांधाच्या प्रत्येक चौरस मीटरवर हवेचा सुमारे दहा टनांचा भार उभा आहे, आणि त्यातील साडेसात टनांहून अधिक भार निव्वळ नत्राचा आहे. धान्याच्या कणगीला टेकून बसावे आणि शेजाऱ्याकडे पसाभर तांदूळ उसने मागावेत, तशी भाताच्या रोपाची ही अवस्था आहे.

असे का व्हावे? हवेतील नत्राचे अणू एकेकटे हिंडत नाहीत. ते जोडीने राहतात, आणि ती जोडी तिहेरी बंधाने बांधलेली असते. रसायनशास्त्रात इतके घट्ट बंध फार थोडे आहेत. भाताच्या रोपास ती जोडी फोडता येत नाही. वाल-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू ती फोडतात, म्हणूनच भात निघाल्यावर वाल टाकण्याची आपल्या वाडवडिलांची रीत शहाणपणाची होती. माणसास ही विद्या विसाव्या शतकात साधली. जर्मनीतील फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली नत्र व हायड्रोजन या दोन वायूंपासून अमोनिया करून दाखविला, कार्ल बॉश यांनी तो कारखान्यात उतरविला, आणि १९१३ साली ओपाऊ येथे पहिला कारखाना सुरू झाला. आपल्या अलिबागजवळच्या थळ येथे अमोनिया व युरिया होतो तो मूळच्या त्याच मार्गाने. परंतु त्यासाठी चारशे ते पाचशे अंश उष्णता आणि हवेच्या दाबाच्या शंभर-दोनशे पट दाब लागतो. एवढे करूनही लोखंडाचा चुरा त्या भट्टीत नसेल तर काही घडत नाही. दोन वायू शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांकडे पाहतही नाहीत.

या लोखंडासारख्या पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. त्याचा ठाव माणसास फार पूर्वी लागला होता. हंफ्री डेव्ही यांस १८१७ साली आढळले की, कोळशाच्या वायूत धरलेली प्लॅटिनमची तप्त तार ज्योतीवाचून लाल राहते. पुढे १८३५ साली बर्झेलियस यांनी अशा साऱ्या क्रियांना मिळून एक नाव दिले. आपल्या स्वयंपाकघरात आलेले वनस्पती तूपसुद्धा तेलात हायड्रोजन वायू सोडून, निकेलच्या पुडीच्या साहाय्याने थिजविलेले असते. शाळेच्या पुस्तकात उत्प्रेरकाची व्याख्या अशी असते की, जो क्रियेस वेग देतो व स्वतः जसाच्या तसा राहतो तो. आमचे एक स्नेही यावर म्हणाले, "मग हा आपला लग्न जुळविणारा मध्यस्थच की! दोन घरे जोडून देतो, जेवून जातो, संसार मात्र त्याच्या गळ्यात पडत नाही." उपमा गोड आहे, पण पुरी उतरत नाही. उत्प्रेरक अलिप्त राहत नाही. तो वायूच्या रेणूस स्वतःला चिकटवून घेतो, त्याचा बंध सैल करतो, नवी जोडी जुळली की तिला सोडून देतो व पुन्हा मोकळा होतो.

त्याहून चांगली उपमा आपल्या मुरबाडकरांच्या दारातच आहे. मुरबाडच्या बाजूने जुन्नरास जावयाचे तर मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. कड्यावरून चढून जाणारा लाखात एखादा निघेल. नाणेघाटाच्या खिंडीने मात्र सातवाहनांच्या काळापासून बैलांचे तांडे गेले. खिंडीमुळे मुरबाड उंच झाले नाही आणि जुन्नर खाली आले नाही. दोन्ही गावे आपापल्या जागी राहिली, मधली चढण तेवढी कमी झाली. उत्प्रेरक एवढेच करतो. आणि ज्या खिंडीने माल वर जातो त्याच खिंडीने खाली येतो. तसाच उत्प्रेरक क्रिया पुढे जाण्यास जितकी मदत करतो तितकीच ती उलटण्यासही करतो. (जाता जाता सांगतो. नाणेघाटाच्या त्या लेण्यात कोरलेल्या ब्राह्मी लेखातील अंकचिन्हे आपल्या देशातील फार जुन्या अंकचिन्हांत गणली जातात. गणिताच्या शिक्षकाने तेथे एकदा तरी जाऊन यावे.)

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे वळू. उत्प्रेरकाचे काम त्याच्या पृष्ठभागावर चालते. पोटातील धातू बसून राहतो. म्हणून त्याची जितकी बारीक पूड करावी तितके काम अधिक. किती अधिक, याचा हिशेब कोणाही मुलास करता येईल. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहालाखाव्या भागाइतक्या बाजूचे घन पाडले, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर भरतो. बोटाच्या पेराएवढ्या धातूतून दीड एकराचे खाचर निघाले! (नॅनो हा शब्द आला म्हणून खुलासा करतो. २०२१ पासून बाजारात आलेल्या नॅनो युरियाच्या बाटलीशी आजच्या विषयाचा संबंध नाही. हल्ली हा शब्द कशालाही चिकटविण्याची प्रथा पडली आहे, ती आम्हांस आवडत नाही.)

येथवर गोष्ट सोपी आहे. परंतु कण अतिशय लहान झाला, की पृष्ठभागाचा हिशेब पुरेनासा होतो व एक विलक्षण गोष्ट घडते. एक लाडू मध्ये ठेवून त्याच्याभोवती त्याला टेकतील असे लाडू रचले, तर बरोबर बारा बसतात. तेरा अणूंच्या पुंजक्यात असा एकच अणू आत व बारा बाहेर असतात. आणखी एक थर चढविला की पंचावन्न होतात; त्यांपैकी बेचाळीस बाहेर, तेरा आत. अशा पुंजक्यास धातू तरी म्हणावे काय? त्याचा रंग, वितळण्याची उष्णता, वायूस धरण्याची ताकद, यांतील काहीही मोठ्या तुकड्यासारखे राहत नाही. सोन्याचेच पाहा. सोने हे उदासीन म्हणून प्रसिद्ध. त्याला गंज नाही, डाग नाही, म्हणून तर आपल्या भगिनींचा त्यावर एवढा लोभ. परंतु जपानमधील मासाताके हारुता यांनी १९८७ साली दाखवून दिले की, सोन्याचे पाच नॅनोमीटरहून लहान कण योग्य अशा भस्मावर बसविले, तर ते कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस शून्याखाली सत्तर अंश इतक्या थंडीतही जाळून टाकतात. पुढे १९९९ साली युरोप व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मॅग्नेशियाच्या पृष्ठावर सोन्याचे मोजून अणू बसविले. आठ अणूंचा पुंजका काम करू लागला. त्याहून लहान पुंजके स्वस्थ राहिले. ज्या पृष्ठावर ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या होत्या, तेथेच ही क्रिया घडली. तेथून थोडा विद्युत्भार सोन्यात उतरतो व त्यायोगे प्राणवायूचा बंध सैल होतो, हे कारण उझी लँडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने शोधून काढले.

कार्बन मोनॉक्साइडचे नाव निघाले म्हणून विषय सोडून दोन वाक्ये बोलतो. या वायूस वास नाही, रंग नाही, आणि रक्तातील लाल द्रव्य त्याला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. थंडीत कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून निजणे म्हणजे मृत्यूस उशाशी घेणे होय. बाळंतिणीच्या खोलीत अशी शेगडी असते, तेथे खिडकीची फट उघडी ठेवावी. मोटारींच्या नळीत हाच वायू जाळण्यासाठी प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियमचे कण बसविलेले असतात. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना ते १९९५ सालापासून सक्तीचे झाले. हे धातू महाग आहेत. म्हणूनच थोड्या अणूंत अधिक काम कसे होईल हा शोध पोटापाण्याचा आहे.

आता कोणीही विचारील की, यात संगणक कोठून आला? प्रयोगशाळेत पुंजके करावेत आणि पाहावे की कोणता चालतो. हाबर-बॉश यांच्या वेळी तसेच केले होते. लोखंडाचे ते योग्य मिश्रण मिळेपर्यंत हजारो पदार्थ एकामागून एक तपासले गेले. परंतु पुंजक्यांच्या बाबतीत अडचण अशी की, एक अणू कमी-जास्त झाला तर स्वभाव बदलतो, त्याच अणूंची रचना बदलली तर पुन्हा बदलतो, आणि कोणता अणू कोठे बसला आहे हे वायूच्या गर्दीत, भट्टीच्या उष्णतेत डोळ्यांनी पाहणे अति दुष्कर आहे. क्रिया ऐन शिखरावर असते तो क्षण तर इतका अल्प की तो पकडता पकडता निसटतो. तो क्षण कागदावर मांडावा, एवढाच मार्ग उरतो.

कागदावर मांडणेही सोपे नाही. सोन्याच्या एका अणूत ७९ इलेक्ट्रॉन, पंचावन्न अणूंत ४,३४५. आतले इलेक्ट्रॉन बाजूस ठेवून केवळ बाहेरचे अकरा-अकरा घेतले तरी ६०५ होतात, आणि प्रत्येकाची गती इतर सर्वांवर अवलंबून. हा गुंता वॉल्टर कोन यांनी सोडविला. १९६४ व १९६५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, प्रत्येक इलेक्ट्रॉनचा माग काढण्याची गरज नाही. कोणत्या ठिकाणी त्यांची किती दाटी आहे एवढे कळले की मूळ स्थितीतील ऊर्जा ठरते. म्हशाच्या जत्रेत कोण कोणाबरोबर आला, कोणत्या दुकानी थांबला, हे लिहीत बसलो तर जन्म पुरणार नाही. परंतु कोठे किती दाटी आहे याचा नकाशा काढला, तर पाणपोई कोठे हवी व पोलीस कोठे उभे करावेत हे ठरविता येते. कोन यांस या कामाबद्दल १९९८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्यक्षात हे गणित असे चालते. अणूंच्या जागा धरावयाच्या, त्यावरून दाटी काढावयाची, दाटीवरून प्रत्येक अणूवर किती ओढ आहे ते काढावयाचे, ओढीच्या दिशेने अणू जरा सरकवावयाचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. ओढ संपली की तो आकार स्थिर झाला. मग वायूचा रेणू जवळ आणून ठेवावयाचा आणि खिंड शोधावयाची, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या सर्व वाटांत सर्वांत कमी चढणीची वाट. उष्णतेने पुंजका कसा थरथरतो हे पाहावयाचे असेल तर सेकंदाच्या दहा निखर्वांश... छे, हे नाव आम्हांसही धड घेता येत नाही. एका सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग करावेत, त्यांतील दहा भागही नव्हेत एवढ्या काळाने एकेक पाऊल टाकावे लागते, आणि लाख पावले टाकली तरी डोळ्याचे पाते लवण्याच्या पासंगासही ती पुरत नाहीत. हाताने हे अशक्य. म्हणून महासंगणक हवा.

हे काम आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात, पुष्कळ वर्षांपासून चालू आहे. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील डॉ. दिलीप कान्हेरे व त्यांचे विद्यार्थी यांनी या पुंजक्यांच्या गणितात जगभर नाव केले. गॅलियम नावाचा धातू तळहातावर ठेवला तर वितळतो. तीस अंशही त्याला सोसवत नाहीत. कोणताही पदार्थ बारीक केला की लवकर वितळावा असा सर्वसाधारण अनुभव. परंतु २००३ साली अमेरिकेत मार्टिन जॅरोल्ड यांच्या प्रयोगात गॅलियमचे थोड्या अणूंचे पुंजके मोठ्या तुकड्याहून कितीतरी अधिक उष्णतेपर्यंत घट्ट राहिलेले दिसले. हे नवल कसे घडते याचे उत्तर पुण्याहून गेले. २००४ साली कान्हेरे, कविता जोशी व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, लहान पुंजक्यांत अणूंमधील बंधाची जातच बदलते. आणि २००६ साली जोशी, सैलजा कृष्णमूर्ती व कान्हेरे यांनी तीस व एकतीस अणूंच्या गॅलियमची तुलना केली. एकतीस अणूंचा पुंजका ठरावीक उष्णतेस स्पष्टपणे वितळतो. तीस अणूंच्या पुंजक्यास वितळण्याचा असा ठाम क्षणच नाही. एका अणूचा हा फरक!

पुण्यातीलच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. तेथे वितळण्याचा हा अभ्यास वायूंच्या क्रियेकडे वळला, आणि येथे आपण आरंभीच्या युरियाच्या पोत्याकडे येतो. जॅरोल्ड यांनी २००९ साली प्रसिद्ध केले की, शंभर अणूंचा ॲल्युमिनियमचा पुंजका वितळला की नत्राच्या रेणूशी त्याची क्रिया होण्यातील चढण एकदम उतरते. त्या पाठोपाठ २०११ साली या प्रयोगशाळेतील कृष्णमूर्ती, सौरव पाल व त्यांच्या सहकारी यांनी दोन अणूंपासून शंभर अणूंपर्यंतचे ॲल्युमिनियमचे पुंजके गणितात घेतले आणि त्यांचे आकारमान व घडण यांचा नत्राच्या तिहेरी बंधावर काय परिणाम होतो ते तपासले. थाळी-वाटीचा तो ॲल्युमिनियम, आणि जगातील सर्वांत हट्टी वायू!

आता घरच्या गोष्टीकडे येतो. आपल्या शिक्षण फंडाकडे यंदा शहापूर तालुक्यातील एका मुलीचा अर्ज आला आहे. ती एम्.एस्सी. झाली असून पुण्यास याच विषयात संशोधन करू इच्छिते. छाननीच्या वेळी दोन आक्षेप निघाले. पहिला असा की, फंड आजवर वैद्यकी व अभियांत्रिकीच्या मुलांना दिला गेला. हे शिक्षण कोणत्या नोकरीचे? दुसरा मुलीच्या वडिलांचाच, आणि तो त्यांनी आमच्या ओटीवर बसून सांगितला. ते म्हणाले, "गुरुजी, पाच वर्षे ही संगणकापुढे बसणार, ना हातात परीक्षानळी ना औषध. स्थळे येत आहेत. लोक विचारतात मुलगी करते काय, तर मी काय सांगू?" त्यांचा राग नव्हता, काळजी होती, आणि ती खोटी नव्हती.

आम्ही त्यांस सांगितले ते येथे सांगतो. मुलगी खिंडी शोधते, असे सांगावे. आणि खिंड शोधणाराने स्वतः तांडा हाकलाच पाहिजे असे नाही. डेन्मार्कमधील येन्स नर्स्कॉव यांनी २००१ साली गणिताने दाखविले की, मॉलिब्डेनम नत्रास फार घट्ट धरते व कोबाल्ट फार सैल. दोहोंचे मिश्रण केले तर पकड मध्यावर येईल व अमोनिया चांगला बनेल. प्रयोगातही ते मिश्रण कामाचे ठरले. हे उत्तर ज्यांनी काढले त्यांनी भट्टीपुढेच उभे राहावे लागते असे नाही. संगणकाचे म्हणाल तर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, परदेशाने महासंगणक देण्याचे नाकारले म्हणून १९९१ साली येथे 'परम' घडला, आणि २०१९ साली पुण्याच्याच आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' बसला. साधन घरात आहे. ते वापरणारी मुले आपल्यातील का नसावीत? नोकरीचे म्हणाल तर औषधे, खते, रंग, तेलशुद्धी या कारखान्यांच्या संशोधन विभागांना अशी माणसे लागतात. मात्र वैद्याप्रमाणे पाटी लावली की रोगी आले, असे येथे नाही, हेही आम्ही वडिलांपासून लपविले नाही. स्थळांविषयी आमचे मत त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर मुलीस विचारा असे म्हटले असते.

फंडाच्या नियमावलीत "वैद्यकी व अभियांत्रिकी" यांच्यापुढे "मूलभूत शास्त्रे" हे दोन शब्द घालावेत, अशी आमची सूचना लेखी दिलेली आहे.

तथापि ज्या विद्येची शिफारस करावयाची तिच्या उणिवाही सभेपुढे ठेवल्या पाहिजेत. कोन यांचा सिद्धांत अचूक असला, तरी त्यातील एका पदाचे खरे रूप कोणास ठाऊक नाही. तेथे अजमास घालावा लागतो. आता चढणीचा हिशेब किती नाजूक आहे पाहा. साध्या हवामानात, एका मोलमागे केवळ ५.७ किलोज्यूलची चूक झाली तर क्रियेचा वेग दहापट चुकतो. नत्राचा तिहेरी बंध तोडण्यास सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. त्यापुढे ही चूक दीडशेव्या हिश्श्याएवढीही नाही, आणि तरी दहापट! म्हणून गणित करणारा प्रामाणिक असेल तर तो वेग छातीठोक सांगत नाही. या पुंजक्याची खिंड त्या पुंजक्याहून खाली आहे एवढे सांगतो, आणि तपासण्यासाठी प्रयोग करणाराच्या हाती देतो. शिवाय संगणकातील पुंजका बहुधा एकटा, निर्वात जागेत तरंगणारा असतो. कारखान्यात त्याच्याभोवती गर्दी असते, उष्णतेने पुंजके एकमेकांस चिकटून मोठे होतात, गंधकाचा लेश आला तर विष भिनल्यासारखे मरतात.

आणि ॲल्युमिनियमचे काय झाले, असे ती मुलगी घरी आली तेव्हा आम्ही विचारले. तिने सांगितले की, नत्राचा बंध सैल करणे हे अर्धेच काम. ॲल्युमिनियम नत्रास एकदा धरले की सोडावयास तयार नसतो. दोघे मिळून नायट्राइड होऊन बसतात, आणि हायड्रोजन वायू दारात उभा राहतो. धरील पण धरून ठेवणार नाही, असा पुंजका हवा. त्यासाठी ॲल्युमिनियममध्ये दुसऱ्या कोणत्या धातूचा एखादा अणू घालावा, तो मध्यभागी बसवावा की कडेला, आणि वितळल्यावर तो त्या जागी राहील काय, हे तिला मोजावयाचे आहे. तेरा अणूंपासून आरंभ करणार आहे, असे ती म्हणाली.